पणजीत राहायचं तर कुठं? मळ्यावरच्या तीन रात्रींचा रिव्ह्यू

मी पर्वरीत राहते, वन बीएचके, त्यामुळे पाहुणे आले की दरवेळी तोच प्रश्न, यांना ठेवायचं कुठं. दोन वर्षांपूर्वी आई-बाबांना कळंगुटला हॉटेल बुक करून दिलं होतं, बीच पाच मिनिटांवर वगैरे सगळं बघून, आणि रात्री दीडला बाबांचा फोन, "अगं ही वरात कधी संपणार?" वरात कसली, शेजारचा डीजे होता तो. यावेळी आई, बाबा आणि मावशी असे तिघं आले, तर सरळ पणजीत मळा-फोंताईन्हासला, म्हणजे जुन्या रंगीत घरांच्या वस्तीत, एका जुन्या घरातल्या गेस्ट हाऊसमध्ये तीन रात्री ठेवलं. खोलीला २८०० रुपये, जादा गादीचे ५००. हा रिव्ह्यू घराचा कमी आणि एरियाचा जास्त आहे.

मळा निवडायचं कारण मावशी. तिचं कुलदैवत म्हार्दोळची म्हाळसा. आपल्याकडचे निम्मे लोक गोव्याला येतात ते खरं तर देवाला, आणि मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याची शांतादुर्गा हे सगळं फोंडा तालुक्यात, बीचच्या बरोब्बर उलट्या दिशेला, तरी बुकिंग मात्र कळंगुट-बागाचं करतात आणि मग टॅक्सीचे पैसे ऐकून ओरडतात. (ओला-उबरच्या भरवशावर तर येऊच नका, इथं गोवा माइल्स हे टॅक्सीचं ॲप नाहीतर स्थानिक टॅक्सी नाहीतर पायलट, म्हणजे मोटरसायकलवाला.) पणजीतनं फोंड्याची बस जुनं गोवं, बाणस्तारी करत मंगेशी-म्हार्दोळवरूनच जाते. आमच्या गेस्ट हाऊसपासून कदंबा बसस्टँड म्हणजे ओरेंच्या खाडीवरचा पूल ओलांडला की पाटो, माझ्या पायांनी बारा मिनिटं आणि मावशीच्या पायांनी पंचवीस, कारण वाटेत प्रत्येक घराच्या तुळशीपाशी आणि प्रत्येक क्रॉसपाशी ती थांबून हात जोडते.

आता घर. फोटोत शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी बघून मी भाळले, आणि ती खरंच सुंदर आहे, सकाळी आत दुधासारखा उजेड येतो. पण फोटोत जिना नव्हता! लाकडी, अरुंद, एका बाजूला कठडाच नाही, आणि मावशीचा उजवा गुडघा गेलेला. ती एकेक पायरी आडवी होऊन उतरायची, पुढे बाबा, मागे आई, पालखी उतरवल्यासारखं. पलंगही इतका उंच की घरमालकीण आंटीने शेवटी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दिलं. चूक माझी, फोनवर "पहिला मजला" ऐकून मी लिफ्टवाल्या बिल्डिंगचा पहिला मजला डोक्यात धरला. म्हातारी माणसं सोबत असतील तर खिडकीचा नको, जिन्याचा फोटो मागवा.

सकाळ मात्र पैसे वसूल. सहाच्या सुमाराला पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंगा, सायकलवर पोई आणि उंडे हे इथले पाव, मग वरच्या मारुतीच्या देवळातली घंटा, आणि खाली सेंट सेबॅस्टियनचं जुनं चॅपल. बाबा रोज चालत नगरपालिकेच्या बागेपर्यंत जायचे आणि कॅफे टाटोत पातळ भाजी-पाव खाऊन यायचे, येताना पेपर. तिसऱ्या दिवशी तर वेटरने न विचारता मिरची भजी आणून ठेवली म्हणे, हे त्यांनी चार जणांना फोन करून सांगितलं.

वैताग एकच, फोटोवाले. नऊनंतर गल्लीत रंगीत भिंतींपुढे रांगा लागतात, प्री-वेडिंगवाले तर कपड्यांच्या बॅगा घेऊनच येतात. बऱ्याच घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, पण वाचतंय कोण. मावशीने गॅलरीच्या कठड्यावर लुगडं वाळत घातलं होतं, तर खालून एक मुलगी, "आजी, ती साडी जरा काढता का, फ्रेममध्ये येतेय." मावशी म्हणाली, "येऊ दे की, नवीन आहे."

गाडी घेऊन येणार असाल तर इथं पार्किंग विसरा, पाटोला लावून चालत या.

बाकी एरिया थोडक्यात सांगते. मिरामारला मी सासू-सासऱ्यांना ठेवलं होतं, सपाट रस्ता, संध्याकाळी वाळूवर बसायला, कांपालच्या झाडांखालून कला अकादमीपर्यंत फिरायला झकास, गुडघेवाल्यांना तेच बरं, फक्त स्टँडला जायला दरवेळी बस पकडा. आल्तिनो शांत आहे पण टेकडी आहे, स्कूटर नसेल तर दूध आणायलाही दम लागतो. मांडवीच्या काठाला कॅसिनोच्या जेटींसमोर खोली स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, रात्री गाड्यांचे हॉर्न आणि खोलीत बोटींचे लाल-निळे दिवे. आणि नुसतं समुद्रात डुंबायचं असेल तर पणजीत राहूच नका, तो वेगळा विषय.

निघताना आंटीला विचारलं, खाली एखादी खोली नाही का. आंटी कोकणीत, मावशी मराठीत, तीन दिवस दोघींचं झकास जमलं होतं. म्हणाली, "सकयल एक कूड आसा, पूण पावसांत नाका हां, उदक भरता." ते खरंय, जोराचा पाऊस झाला की मळ्यावर पाणी साचतंच. म्हणून जानेवारीसाठी खालची खोली सांगून ठेवलीय, आणि मावशीने स्टूल तिथंच ठेवायला सांगितलंय.