बी फ्लॅट क्लॅरिनेट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वाद्य बी फ्लॅट क्लॅरिनेट, बॉडी प्लास्टिकची, 17 कळांची बोएम रचना (कळा मांडण्याची एक पद्धत). रोज साधारण पाऊण तास असे नऊ महिने वाजवल्यावर हे लिहिते आहे. याआधी काही वर्षं बासरी वाजवत होते, त्यामुळे फुंकीचं वाद्य मला नवं नव्हतं. तरी पंधरा दिवसांत लक्षात आलं की बासरीतली एकच गोष्ट इथे जशीच्या तशी कामी येते, ती म्हणजे पोटातून घेतलेला दम. बोटं, ओठ आणि जीभ यांना पहिल्यापासून शिकवावं लागलं.

याचं मूळ एका गोष्टीत आहे, आणि ती विकत घेण्याआधी मला कुणी नीट सांगितली असती तर पहिले दोन महिने सोपे गेले असते. बासरीत सा धरून जोर वाढवला की तार सा लागतो. फ्लूट, ओबो, बसून या पाश्चात्त्य सुषिर वाद्यांचंही तेच. क्लॅरिनेटमध्ये डाव्या अंगठ्याची रजिस्टरची, म्हणजे वरच्या पट्ट्यात नेणारी, कळ दाबली की खालचा सा उडी मारून थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर जातो. क्लॅरिनेटची नळी बऱ्याच लांबीपर्यंत सारख्या व्यासाची असते आणि रीडच्या (फुंकीने थरथरणाऱ्या पातळ पट्टीच्या) बाजूने ती बंद नळीसारखी वागते. अशा नळीत मूळ स्वराची दुप्पट कंपनं टिकत नाहीत, तिप्पट टिकतात; आणि तिप्पट म्हणजे तार पंचम. फ्लूट दोन्ही टोकांना उघडा असतो. ओबो आणि बसून रीडवर वाजत असले तरी सनईसारखे आतून निमुळते असतात, म्हणून ती वाद्यं सप्तकावर जातात.

याच कारणाने फ्लूटएवढ्याच लांबीचा क्लॅरिनेट त्याच्या जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. हा फायदा झाला. त्याची किंमत बोटं मोजतात. सप्तकावर उडी मारणाऱ्या वाद्यात 12 स्वर भरले की तीच बोटं वर पुन्हा वापरता येतात. इथे 19 स्वर भरावे लागतात. दोन्ही करंगळ्यांना इतक्या कळा का दिल्या आहेत, हे मला हा हिशोब कळल्यावरच उमगलं.

आता आवाज. खालचा पट्टा, ज्याला शालुमो म्हणतात, तो गडद आणि भरीव आहे, आणि मी या वाद्याच्या प्रेमात पडले ती त्याच्यामुळेच. खालचा ई अगदी हळू धरला की आवाज नेमका कुठल्या क्षणी सुरू झाला हे सांगता येत नाही. शून्यातून स्वर उगवणं आणि शून्यात विरणं वाद्यवृंदातल्या लाकडी सुषिर वाद्यांत याच्याइतकं कुणाला जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. ओबोचे सगळ्यात खालचे स्वर हळू काढणं अवघड असतं, ते जाड होऊन बाहेर पडतात; फ्लूटचे खालचे स्वर हळू येतात, पण गर्दीत बुडून जातात. वरचा क्लॅरियन पट्टा स्वच्छ आणि उजळ आहे. त्याच्याही वरच्या आल्टिसिमोमध्ये मी अजून फार गेलेले नाही, म्हणून त्यावर मत देत नाही.

या दोन पट्ट्यांच्या मधे ‘गळ्याचे स्वर’ आहेत: जी, जी शार्प, ए आणि बी फ्लॅट. इथे जवळपास सगळी भोकं उघडी असतात, नळी आखूड होते आणि आवाज पातळ येतो. त्यातही बी फ्लॅट सगळ्यात फिका, कारण तो रजिस्टरच्याच बारीक भोकातून काढावा लागतो. एका भोकाला दोन कामं दिल्यावर तडजोड होणारच. माझ्या सरांनी यावर एक उपाय दाखवला. हे स्वर वाजवताना उजव्या हाताची काही बोटं खाली ठेवूनच द्यायची. स्वर फारसा बदलत नाही, पण आवाजाला अंग येतं. शिवाय पुढच्या बी ला सगळी बोटं एकदम बंद करावी लागतात, तेव्हा अर्धी आधीच जागेवर असतात. ए वरून बी वर न तुटता जाणं हा या वाद्यातला खरा उंबरठा आहे. मला तो सातव्या महिन्यात पहिल्यांदा ओलांडता आला. तोपर्यंत मी बोटांना दोष देत होते. चूक फुंकीत होती. बोटं बदलताना मी नकळत दम ढिला करत होते. फुंक एकसारखी ठेवून फक्त बोटं हलवायची, एवढंच करायचं होतं, आणि एवढ्याला सात महिने लागले.

ओठांचं सांगायचं तर वरचे दात माउथपीसवर टेकतात, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित आत वळतो आणि रीड त्यावर बसते. सुरुवातीला मी चावत होते. चावलं की आवाज बारीक होतो, स्वर चढतो आणि मधेच चिरकतो. जिभेबद्दलही माझा गैरसमज होता. जीभ रीडवर मारायची नसते. तिचं टोक रीडच्या टोकाला हलकंच लावून कंपन थांबवायचं असतं. स्वर सुरू होतो तो जीभ दूर झाल्यावर. फ्लूटवाले तु-कु-तु-कु करत जिभेचं काम दुप्पट वेगाने करतात. तोंडात माउथपीस असताना ते फार कठीण जातं.

फ्लूट वाजवणाऱ्या मैत्रिणीबरोबर एक दुगाणं बसवताना मजेशीर अडचण आली. सुरुवातीला दोघींचे स्वर जुळलेले असायचे, पण शेवटचा लांब स्वर वाढवत नेला की कानाला टोचायचा. ट्यूनर लावून पाहिलं, तर आवाज वाढवताना तिचा स्वर चढत होता आणि माझा उतरत होता. हा दोन्ही वाद्यांचा स्वभावच आहे. तिने ओठांनी फुंकीची दिशा थोडी खाली वळवली, मी ओठांची पकड ढळू दिली नाही, तेव्हा कुठे जुळलं. थंड वाद्य उतरलेलं असतं, म्हणून आधी दहा मिनिटं वाजवून मगच सूर मिळवते. सूर उतरवायला बॅरल (माउथपीसखालचा आखूड जोड) थोडं बाहेर ओढायचं, पण जास्त ओढलं तर गळ्याचे स्वर इतरांपेक्षा अधिक उतरतात.

रीडवर सगळ्यात जास्त वेळ गेला. 2 नंबरने सुरुवात केली, आता अडीचवर आहे. नंबर म्हणजे कडकपणा, दर्जा नव्हे. मोठा नंबर लावून आवाज मोठा होत नाही, नुसता दम जातो. रीड बोरूसारख्या वेताची, म्हणजे नैसर्गिक, त्यामुळे एकाच पेटीतल्या दोन सारख्या निघत नाहीत. चार रीड आलटून पालटून वापरते, वाजवून झालं की पुसून सपाट ठेवते. वाद्याबरोबर आलेला माउथपीस तिसऱ्या महिन्यात बदलला. जेवढा फरक या बदलाने पडला तेवढा दुसऱ्या कशानेच पडला नाही.

म्हणूनच प्लास्टिकच्या बॉडीबद्दल मला खंत नाही. चांगले क्लॅरिनेट आफ्रिकन ब्लॅकवुडचे असतात, पण तापमान आणि ओलावा एकदम बदलला तर लाकडाला चीर जाऊ शकते आणि नवं वाद्य आठवडेभर थोडं थोडंच वाजवावं लागतं. शिकणाऱ्याला ती काळजी नको. आवाज हवेच्या स्तंभाचा असतो. आतला व्यास, भोकं आणि माउथपीस नीट असले की बरंच साधतं.

तक्रारी दोन. उजव्या अंगठ्यावर सगळा भार येतो. पाऊण तासाने तो दुखायचा. गळ्यात अडकवायचा पट्टा घेतल्यावर थांबला. दुसरी तक्रार कळांची. वरचा आणि खालचा भाग जोडणारी बारीक दांडी पाचव्या महिन्यात वाकली, कारण जोडताना मी वरची कळ दाबून ती उचलून धरली नव्हती. त्याच सुमारास एक पॅड (कळेखालची, भोक झाकणारी गादी) गळायला लागला, म्हणजे तिथून हवा निसटू लागली, आणि खालचे स्वर अडू लागले. मी महिनाभर रीड बदलत बसले. विकत घेताना हे तपासता येतं: वरच्या भागाची सगळी भोकं बोटांनी बंद करा, खालचं टोक तळहाताने दाबा आणि वरून हवा ओढा. ओढ क्षणभर टिकली तर पॅड बरोबर बसले आहेत. लगेच सुटली, तर ते वाद्य तसंच घेऊ नका.