शनिवारचा शब्बाथ की रविवारची उपासना? आणि सणांचं काय?

आमच्या मंडळीतल्या दोन-तीन घरांत सध्या हाच विषय आहे. शुक्रवारी दिवस बुडाला की काम बंद, ते शनिवारी दिवस बुडेपर्यंत. हाच शब्बाथ, दहा आज्ञांतला विसाव्याचा दिवस. शिवाय बायबलातल्या लेवीय 23 मधले यहुदी सणही धरायचे. तुमच्याही घरात असं घाटत असेल तर हे वाचा. मी दोन वर्षं शनिवार पाळला आणि आता रविवारी जातो, तेव्हा माझा कल कुठे आहे ते दिसेलच.

आधी एक घोळ सोडवू. शनिवार पाळणारे सगळेच सण पाळत नाहीत. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी शब्बाथ काटेकोर धरते, पण वल्हांडण (मिसरातून सुटकेच्या आठवणीचा सण) किंवा मांडवांचा सण बंधनकारक मानत नाही. म्हणजे वाटा तीन आहेत: रविवार, नुसता शनिवार, किंवा शनिवार आणि सण.

वचनांचा वाद लवकर मिटत नाही. शनिवारवाले दहा आज्ञा दाखवतात, येशू शब्बाथी सभास्थानात जात असे हे लूक 4:16 दाखवतात. रविवारवाले प्रेषित 20:7 (आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले) आणि कलस्सै 2:16 (सण, शब्बाथ यांवरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये) काढतात. मला वजनदार वाटतो तो प्रेषित 15: यरुशलेमेतल्या बैठकीत परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना चारच गोष्टी सांगितल्या, त्यांत शब्बाथ नाही. ‘रविवार रोमी सम्राट कॉन्स्टंटाईननं आणला’ हे मात्र ऐकून घेऊ नका. रविवारी जमणं त्याच्या कितीतरी आधीचं. त्याचा हुकूम इ.स. 321 चा, आणि त्यात सुटी शहरातल्यांना. शेतकऱ्याला कामाची मोकळीक होती. शेतकऱ्याची सुटी तेव्हाही कागदावर नव्हती!

खरी परीक्षा चुलीपाशी होते. निर्गम 35:3 धरलं तर शब्बाथी विस्तव पेटवायचा नाही, म्हणजे शनिवारचा स्वयंपाक शुक्रवारी. हिवाळ्यात निभतं. एप्रिल-मेमध्ये शुक्रवारचं वरण शनिवारी दुपारपर्यंत आंबतं आणि ज्वारीची भाकर वातड होते. त्यात आमचा आठवडी बाजार रविवारचा. घरची म्हणाली, “शनवारी शब्बाथ, इतवारी बजार, मंग मी बसू कवा?” तिचं बरोबर होतं, शुक्रवारी तिच्यावर दोन दिवसांचं काम पडायचं. ज्या गावात बाजारच शनिवारी भरतो तिथे पंचाईत आणखी मोठी. मजुरांचा चुकारा त्याच दिवशी करायचा असतो, आणि यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्या नहेम्यानं तर शब्बाथी माल आणणाऱ्यांसाठी वेशीचे दरवाजे लावून घेतले होते. पोरांची शनिवारची सकाळची शाळा आहेच.

पण शनिवारवाल्यांची एक गोष्ट रविवारवाल्यांकडे नाही. अनुवाद 5:14 मध्ये विसावा चाकराला आणि बैलालाही आहे. आपल्याकडे बैलाला पोळ्याची सुटी, इथे दर आठवड्याची. आम्ही रविवारी दोन तास उपासना करतो आणि तिथून सरळ वावरात जातो. मजुराला मात्र सुटी देताना त्याचा रोज कोण भरणार, हे आधी ठरवा. मी पहिल्या वर्षी ठरवलं नव्हतं. सोंगणीला आलेल्या बाया दुसऱ्याच शनिवारी शेजारच्या वावरात गेल्या.

सणांकडे येऊ. यहुदी पंचांग आपल्यासारखंच चांद्रमासांचं, 19 वर्षांत 7 अधिक महिने घेणारं. वल्हांडण पुनवेलाच येतो, बहुधा चैत्री पुनवेच्या आसपास. पुढचे सात दिवस बेखमीर भाकर. आपण हसतो, आपली भाकर रोज बेखमीरच! पण यहुदी नियमात ज्वारी धरतच नाहीत. भाकर हवी गहू, जव अशा पाच धान्यांची, आणि कणकेला पाणी लागल्यावर 18 मिनिटांच्या आत भाजायला हवी. म्हणजे कणीक भिजवून झाकून ठेवली की पोळी बाद. मांडवांचा सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सोयाबीनची सोंगणी असते नेमका तेव्हा. सात दिवस मांडवात राहायचं. जागलीच्या खोपडीत राहणाऱ्याला त्याचं काय नवल. पण पहिल्या दिवशी काम बंद, आणि आठव्याही.

शिवाय यरुशलेमेतलं मंदिर इ.स. 70 मध्ये पडलं. वल्हांडणाचं कोकरू, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा महायाजक, हे आज यहुद्यांकडेही नाही. मग ‘जसं लिहिलंय तसं पाळतो’ म्हणणारा नेमकं काय पाळतो? कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना, ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते जपलं. आपण दोन व्हिडिओ पाहून यहुद्यांसारखं सणाचं शिंग फुंकायला लागलो तर त्यांना कसं वाटेल, हाही विचार करा.

आम्ही आता रविवारी उपासनेला जातो, वल्हांडणाच्या रात्री घरी निर्गम 12 वाचतो आणि बाकीचे सण सोडले आहेत. रविवारी घरात चूल एकदाच पेटते, बाजार मी करतो. तुम्हाला शनिवारच करून पाहायचा असेल तर चार शनिवार सोयाबीनच्या सोंगणीतले, ऐन कामाच्या गर्दीतले घ्या, रिकाम्या मे महिन्यातले नको.