टर्की झाकली, मग जमलं

इंग्रजी शिकवण्यासाठी सणावारांच्या वर्कशीटचा एक संच मी जूनमध्ये ऑनलाइन विकत घेतला. 86 पानांची पीडीएफ, 499 रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे संच बरेच आहेत आणि थोड्याफार फरकाने आत तेच असतं: हॅलोविन, थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस, व्हॅलेंटाइन, ईस्टर. आणि शेवटी माफी मागितल्यासारखं दिवाळीचं एक पान.

मी उमरेडकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग, 23 मुलं. राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे मुलांना शब्द बरेच येतात, पण तोंडातून वाक्य निघत नाही. वाक्य निघावं म्हणून हा खर्च केला.

आधी छपाईचं रडगाणं. ही पानं अमेरिकन लेटर साइझची आहेत, म्हणजे आपल्या एफोरपेक्षा थोडी रुंद आणि लांबीला कमी. झेरॉक्सवाल्या दादाने तशीच काढली आणि बिंगोच्या सगळ्या कार्डांची उजवी कड कापली गेली. दुसऱ्यांदा 'फिट टू पेज' करून काढली. हॅलोविनची पानं तर पूर्ण काळ्या रंगात. तिसऱ्या पानाला दादा म्हणाला, "मॅडम, यात माझं टोनरच संपते." काही चुकीचं बोलला नाही. फाइल लॉक केलेली आहे, त्यामुळे एक शब्दही बदलता येत नाही. शिक्षकासाठी बनवलेल्या वस्तूला कुलूप कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

आता खरी अडचण. संचाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. आमची विदर्भातली शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि 31 ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, बहुतेक दिवाळीच्या सुट्ट्या असतात. तरी मी ऑगस्टमध्ये दात विचकणाऱ्या भोपळ्याचं चित्र दाखवून पाहिलं. पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, ह्या कोहळ्याले दात काहून आहेत?" पुढची वीस मिनिटं मी मराठीतून भूत समजावत होते. इंग्रजी राहिलं बाजूला.

त्या रात्री पानं पुन्हा चाळली, आणि या संचाची खरी किंमत तेव्हा कळली. चित्रं बाजूला ठेवली तर खालचे खेळ फार चांगले आहेत. हॅलोविनच्या पानावर काय आहे? मूल दार वाजवतं, आपण कोण ते सांगतं, काहीतरी मागतं, आभार मानतं. अहो, हा तर आमचा तान्हा पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मागतात. 2025 मध्ये पोळा 22 ऑगस्टला, शुक्रवारी होता. मी गुरुवारीच सगळ्यांना बैल आणायला सांगितले. वर्गाच्या दाराबाहेर रांग लागली. "गुड ईव्हनिंग, काकू. धिस इज माय बुल. हिज नेम इज राजा. बोजारा, प्लीज!" काकू मी, बोजारा शेंगदाण्याचा.

चौथा मुलगा अडला. "मॅडम, बुल म्हणजे गोऱ्हा न? हा तर बैल आहे." शेतकऱ्याचं पोरगं, त्याला फरक माहीत: गोऱ्हा खच्ची न केलेला, बैल केलेला. म्हणून फळ्यावर 'ऑक्स' आलं, आणि सगळे मिळून 'ऑक्सन'. चिल्ड्रनच्या शेजारी घोकून घेतलेलं हे अनेकवचन दरवर्षी विसरलं जातं. यंदा कोणी विसरलं नाही. एकाच्या बैलाचं शिंग मोडलेलं होतं, त्याने न विचारता वाक्य दिलं: "माय ऑक्स हॅज वन हॉर्न."

थँक्सगिव्हिंगचं पानही तसंच वाचलं. अमेरिकेत हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. पानावर भली मोठी टर्की, तिला मुलं मोर म्हणाली. मी टर्कीवर कोरा कागद चिकटवला आणि 'आय ॲम थँकफुल फॉर' एवढंच ठेवून झेरॉक्स काढल्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाचा खांदा शेकून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो, ते आभारच की. त्याच आवतनाचं मग इंग्रजी निमंत्रणपत्र झालं: "डिअर राजा, प्लीज कम फॉर लंच टुमॉरो."

मारबत म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा, मिरवणुकीने काढायचा पुतळा. तिचा धडा संचात नव्हताच, तो आमचा आम्ही घातला. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत 1880 च्या दशकापासून निघते, तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" याचं मुलांनी 'टेक अवे' केलं. टेक अवे मॉस्किटोज, टेक अवे लोडशेडिंग. एकीला बोंडअळी घालवायची होती. इंग्रजी शब्द मलाच शोधावा लागला. पिंक बोलवर्म.

ख्रिसमसची पानं आहेत तशी चालली, सांता सगळ्यांनी पाहिलेला असतो. मिटन्स खोडून कानटोपी केली. व्हॅलेंटाइन मी उघडलंच नाही, गावात राहायचंय मला. दिवाळीच्या पानावर मात्र चिडले. दिवाळी हे सगळ्या भारतीयांचं नवीन वर्ष, असं तिथे ठासून लिहिलंय. आमचा गुढीपाडवा मग काय? फराळ नाही, आकाशकंदील नाही, मेणबत्ती धरलेली एक मुलगी. करंजीला इंग्रजीत काय म्हणायचं, असं मुलींनी विचारलं. करंजीच म्हणायचं, दुसरं काय!

संचाला पाचपैकी तीन गुण. खेळांसाठी घ्यायचा असेल तर घ्या, पण कात्री, कोरे कागद आणि डिंक जवळ ठेवा. रंगीत प्रिंट काढू नका. तयार धडा हवा असेल तर हे पैसे वाया जातील.

ईस्टरचा अंडी शोधायचा खेळ मार्चमध्ये घेतला, अंड्यांच्या जागी मृग बहाराची संत्री. अंडर द बेंच, ऑन द विंडो, इन द बॅग. बारा लपवली, अकरा सापडली. बारावं चार दिवसांनी वासावरून मिळालं. बिहाइंड द कपाट.