तिकिटावर ‘मार्गे ओमाहा’ आहे ना, पाहून घ्या

एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात बरीच वर्षे काढल्यामुळे वर्तमानपत्र हातात आले की अग्रलेखाच्या आधी छोट्या जाहिरातींकडे नजर जाण्याची खोड मला लागली आहे. तीच खोड घेऊन गेले काही महिने मी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या वृत्तपत्रसंग्रहात वेळ घालवतो आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गावोगावच्या पत्रांमध्ये दुकानदार आणि रेल्वे कंपन्या ज्या जाहिराती देत, त्या वाचण्यासाठी हा संग्रह कितपत उपयोगाचा आहे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण मर्यादित आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. पान उघडून निवांत वाचणाऱ्याला याच्यासारखी जागा नाही; एखादा शब्द टाकून झटपट उत्तर मागणाऱ्याचा मात्र येथे हिरमोड होण्याचा संभव आहे.

हा संग्रह २००७ पासून सर्वांसाठी खुला आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या दोन संस्थांच्या सहकार्याने तो उभा राहिला असून आजमितीस त्यात दोन कोटींहून अधिक पाने आहेत. नाव नोंदवावे लागत नाही, पैसे भरावे लागत नाहीत, आणि हवे ते पान उतरवून घेता येते. राज्य, वर्ष आणि वृत्तपत्राचे नाव यांनुसार शोध आवरता येतो. या सोयी इतरत्रही मिळतात, परंतु माझ्या दृष्टीने याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे येथे पूर्ण पान समोर येते. पूर्वी मी एका खासगी संग्रहाची वर्षभराची वर्गणी भरली होती (नाव घेत नाही). तेथे शोधलेला मजकूर कात्रणासारखा कापून दाखवीत आणि त्या कापाकापीत जाहिराती बहुधा गळून जात. मला हवे होते तेच नेमके कचऱ्यात जात होते. जाहिरात तिच्या शेजाऱ्यांसह वाचली तरच तिचा भाव कळतो, हे आमच्या धंद्यातले कोणीही सांगेल.

त्या काळातील एखाद्या लहान गावचे साप्ताहिक उघडले की पहिल्याच पानावर डाव्या बाजूस व्यवसायपत्रांची उतरंड दिसते. वकील, दंतवैद्य, भाड्याने घोडे आणि बग्ग्या देणारा तबेला, कापडचोपडाचे दुकान, असा तो क्रम असतो. टेबले, खुर्च्या, पलंग आणि शवपेट्या एकाच दुकानात मिळतील, अशी जाहिरात प्रथम पाहिली तेव्हा मला हसू आले होते. पण लाकूडकाम करणारा सुतारच गावातील अंत्यविधीची व्यवस्था पाही, हे कळल्यावर त्यातील व्यवहार ध्यानात आला. जाहिरातीचा दर ‘चौकोना’वर ठरे, म्हणजे ठराविक ओळींचा एक तुकडा हे माप, आज आपण कॉलम सेंटिमीटर मोजतो तसे. जाहिरातीच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात बारीक खिळ्यांमध्ये (म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांमध्ये) काही खुणा असतात. त्यांतील ‘टी. एफ.’ या दोन अक्षरांचा अर्थ ‘थांबवा म्हणेपर्यंत छापत राहा’ असा होता. ती खूण वाचकासाठी नव्हे, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यासाठी होती. तिच्यामुळे एखादी जाहिरात नवी आहे की कित्येक महिने त्याच जागी बसून आहे, हे आज दीडशे वर्षांनीही ओळखता येते. मी प्रत्येक पान प्रथम या कोपऱ्यांवरूनच वाचतो.

दुकानदार आणि रेल्वे यांचे नाते या पानांवर फार जवळून दिसते. ‘नुकताच शिकागोहून माल आला’, ‘आमचे मालक खरेदीसाठी न्यूयॉर्कला जाऊन आले’, ‘ताजी कालवे (ऑयस्टर) आली’ अशा ओळी वारंवार भेटतात. समुद्रापासून शेकडो मैल आत वसलेल्या गावात कालवे ताजी म्हणवून विकता येत होती ती केवळ आगगाडीमुळे, आणि वाचकाला ते ठाऊक असल्यामुळे दुकानदाराला वेगळे सांगावे लागत नसे. तीच आगगाडी पुढे त्याच दुकानदाराच्या मुळावर आली, हा भाग निराळा. १८७२ मध्ये शिकागोत माँटगोमेरी वॉर्डने टपालाने माल पाठवण्याचा धंदा सुरू केला आणि गावातल्या गिऱ्हाइकाला गावाबाहेरची किंमतही दिसू लागली.

रेल्वेच्या जाहिरातींवर मी सर्वाधिक वेळ घालवला. त्यांच्या माथ्यावर बहुधा धूर सोडणाऱ्या इंजिनाच्या चित्राचा छोटा ठोकळा असतो. हा ठोकळा अक्षरांच्या कारखान्यांकडून तयार विकत मिळे, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या राज्यांतील जाहिरातींवर तीच गाडी धावताना दिसते. मोठ्या शहरांतील दैनिकांमध्ये तेवढेही नसे. वेगवान छपाईयंत्रांच्या फिरत्या दंडगोलावर खिळे घट्ट बसावेत म्हणून कॉलमांमधील पट्ट्या अखंड ठेवाव्या लागत, आणि साहजिकच जाहिरातीलाही एकाच कॉलमच्या रुंदीत राहावे लागे. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने तर मोठ्या अक्षरांनाच मज्जाव केला होता. त्यावर रॉबर्ट बॉनर या प्रकाशकाने १८५० च्या दशकात तोडगा काढला तो असा, की एकच ओळ कॉलमभर पुन्हा पुन्हा छापून घ्यायची. नियम मोडला नाही आणि जाहिरात मात्र नजरेत भरली. जागा विकणाऱ्याच्या दृष्टीने यासारखे दुसरे गिऱ्हाईक नाही.

या जाहिराती जोखण्यासाठी मी एक मापदंड हाताशी ठेवला आहे, तो म्हणजे युनियन पॅसिफिक कंपनीचे १० मे १८६९ या तारखेचे भित्तिपत्रक. युटामधील प्रॉमंटरी येथे पूर्व आणि पश्चिमेकडून आलेले रूळ त्याच दिवशी जोडले गेले. पत्रकावर ठळक अक्षरांत अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत रेल्वे झाल्याची घोषणा आहे. नेब्रास्कातील ओमाहाहून सॅन फ्रान्सिस्कोला चार दिवसांच्या आत, तेही समुद्रावरील धोके टाळून, पोहोचवण्याचे वचन आहे. पुलमनच्या शयनगाड्या आणि वाटेतील भोजनगृहे यांचे गुणगान आहे. सोने आणि चांदी शोधणाऱ्यांना तर थेट नशीब काढण्याचे आवाहन आहे. आता वस्तुस्थिती पाहावी. ओमाहाजवळ मिसूरी नदीवर तेव्हा पूलच नव्हता, तो १८७२ मध्ये झाला, म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्या प्रवाशाला गाडीतून उतरून बोटीने नदी ओलांडावी लागे. पलीकडच्या टोकाला सॅक्रामेंटोहून सॅन फ्रान्सिस्कोला जायलाही सुरुवातीचे काही महिने बोटच होती. उपसागराच्या काठापर्यंत रूळ पोहोचले ते त्या वर्षीच्या सप्टेंबरात. घोषणेत समुद्र टळला खरा, पण पाणी काही टळले नाही.

परंतु त्याच पत्रकाच्या खालच्या भागात एक सूचना आहे: तिकीट प्लॅट व्हॅली किंवा ओमाहा मार्गाचेच (म्हणजे याच कंपनीच्या मार्गाचे) असल्याची खात्री करून घ्यावी. वरच्या सगळ्या थाटापेक्षा ही एक ओळ मला अधिक मोलाची वाटते. तिकीट बहुतेकांना पूर्वेकडच्या दुसऱ्याच कंपनीच्या खिडकीवर काढावे लागणार होते, आणि तिथला कारकून प्रवाशाला आपल्या सोयीच्या मार्गाने पाठवील, अशी धास्ती कंपनीला होती, असा तिचा अर्थ मी घेतो. तेव्हापासून कोणतीही रेल्वेची जाहिरात मी तळापासून वर वाचतो. कोठे गाडी बदलावी लागेल, जोडगाडी कोठे मिळेल, कचेरी कोणत्या हॉटेलाखाली आहे, हा मजकूर बारीक अक्षरांत असतो आणि तोच प्रवाशाच्या कामाचा असतो.

वेळापत्रकांचेही तसेच आहे. १८ नोव्हेंबर १८८३ पूर्वीची वेळापत्रके वाचताना घड्याळ कोणत्या शहराचे, हे आधी पाहावे लागते, कारण गावागावाची सूर्यानुसार वेळ वेगळी आणि रेल्वे कंपन्यांच्या वेळाही सुमारे पन्नास प्रकारच्या होत्या. त्या रविवारी कंपन्यांनी आपसांत ठरवून प्रमाणवेळ लागू केली आणि अनेक शहरांत त्या दिवशी दुपारचे बारा दोनदा वाजले. सरकारी कायद्याची मोहोर तिच्यावर उमटायला १९१८ उजाडले. ‘बॉम्बे टाइम’ ही मुंबईची स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत कवटाळून बसलेल्या शहराच्या वाचकाला यात नवल वाटू नये. नेब्रास्कातील ‘ओमाहा डेली बी’ची पाने संग्रहात आहेत, १८८३ च्या शरद ऋतूपासून पुढच्या हिवाळ्यापर्यंतचे अंक ओळीने चाळावेत, बदल डोळ्यांसमोर घडतो.

भाड्याची चढाओढ पाहायची असेल तर १८८७ सालची लॉस अँजेलिसची पाने काढावीत. सदर्न पॅसिफिक आणि सांता फे या दोन कंपन्यांच्या भांडणात कॅन्सस सिटी ते लॉस अँजेलिस हे भाडे ६ मार्च १८८७ रोजी काही काळ अवघ्या एका डॉलरवर आले होते. माणसे लोंढ्याने आली आणि जमिनीचे भाव फुगले. प्लॉटच्या लिलावाला खास गाडी, बँडबाजा आणि फुकट जेवण, हा त्या काळच्या जाहिरातींचा ठरलेला थाट होता. दुसऱ्याच वर्षी फुगा फुटला. पुढील अंकांत त्याच कॉलमांची रया कशी गेली, हे पूर्ण पान समोर असल्यामुळेच दिसते. रेल्वे कंपन्या स्वतःही जमीन विकत, कारण रूळ टाकण्याच्या बदल्यात सरकारने त्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंस बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक जमिनी दिल्या होत्या. बर्लिंग्टन अँड मिसूरी रिव्हर कंपनीच्या १८७२ च्या पत्रकात आयोवा आणि नेब्रास्कातील लाखो एकर जमीन दहा वर्षांच्या मुदतीने, ६ टक्के व्याजाने देऊ केली आहे. अशा जाहिरातीत प्रवास हे निमित्त असते आणि गिऱ्हाईक शेतकरी असतो.

नव्याने वाचू लागणाऱ्याला दोन ठिकाणी ठेच लागू शकते. पहिली गोष्ट अशी की, लहान पत्रांच्या संपादकांना रेल्वेकडून जाहिरातीचे मोल अनेकदा रोख न मिळता फुकट प्रवासाच्या पासाच्या रूपाने मिळे, आणि त्यामुळे ‘टी. एफ.’ खुणेसह वर्षानुवर्षे चाललेली जाहिरात व त्याच अंकातील त्या मार्गाची भरघोस स्तुती या दोन्ही एकाच पासाच्या पोटच्या असू शकतात. १९०६ च्या हेपबर्न कायद्याने या पासांवर खरी टाच आणली. बातमीच्या वेषातील पैसे घेतलेला मजकूर तर सर्रास असे; त्यावर ‘जाहिरात’ असे छापण्याची सक्ती १९१२ मध्ये झाली. आमच्याकडेही हा प्रकार पाहिलेला असल्याने मला तो लगेच ओळखू आला, एवढेच म्हणतो. दुसरी गोष्ट म्हणजे गावच्या पत्रातील सगळेच गावचे नसते. विस्कॉन्सिनमधील ए. एन. केलॉग यांनी १८६० च्या दशकात अर्धा अंक तयार छापून गावोगावच्या संपादकांना पुरवण्याचा धंदा उभारला. ती पाने जाहिरातींसह येत आणि त्यांत पेटंट औषधांची (जाहिरातीच्या जोरावर खपणाऱ्या तयार औषधांची) रेलचेल असे. एकच औषध दूरदूरच्या दोन गावांत त्याच शब्दांत खपताना दिसले, की आपण तयार पान वाचतो आहोत, असे बहुधा समजावे.

आता संग्रहाच्या उणिवा. बहुतेक पाने जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेली आहेत आणि शोध चालतो तो यंत्राने वाचून काढलेल्या मजकुरावर. बातमीचा सरळ कॉलम यंत्राला बरा वाचता येतो. नक्षीदार अक्षरे, झिजलेले खिळे आणि आकड्यांची दाटी येथे ते चाचपडते, आणि जाहिरात व वेळापत्रक म्हणजे नेमके हेच तिन्ही. यावर माझा उपाय असा आहे की, कंपनीचे नाव न शोधता ‘डेपो’ किंवा ‘तिकीट एजंट’ यांसारखे सहज सापडणारे शब्द इंग्रजीत टाकावेत, गाव आणि वर्ष पक्के करावे, आणि मग पाने हातानेच उलटावीत. संग्रह सर्वसमावेशकही नाही. कोणती पत्रे घ्यायची, हे राज्यागणिक ठरत गेले असल्याने काही गावांची सलग वर्षे मिळतात आणि काहींचे एकही पान मिळत नाही. फोनच्या पडद्यावर अख्खे पान वाचण्याच्या भानगडीत पडू नये, संगणक हवा.

मराठी वाचकासाठी येथे एक खास वाट आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, व्याख्यानांसाठी शहरोशहरी फिरल्या आणि परतताना सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने निघाल्या. ‘रमाबाई’ हे नाव रोमन अक्षरांत टाकून ही वर्षे निवडावीत आणि व्याख्यानाची बातमी सापडली की तेवढीच वाचून थांबू नये. तेच पान आणखी जरा उलटावे. त्या गावाहून कोणत्या गाड्या सुटत, डेपोजवळ उतरायला कोणती हॉटेले होती, त्या आठवड्यात दुकानांत काय नवे आले होते, हे बहुधा दोन कॉलम पलीकडे बारीक अक्षरांत छापलेले असते.