उभ्या गाडीवरचे निदान आणि 1,400 डॉलरचे बिल

डेट्रॉइटच्या परिसरात मोटार उद्योगातील नोकऱ्यांमुळे बरीच मराठी मंडळी राहतात आणि त्यांतल्या काहींना इथल्या पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतींचा, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ पट्ट्यावर कमीत कमी वेळात धावण्याच्या शर्यतींचा, नाद लागतो. जुनी, कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडी घेऊन या नादात उतरणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. कारण इंजिनाला पेट्रोल कमी पडण्याच्या एका साध्या दोषापायी माझ्याकडून सुमारे 1,400 डॉलर ज्या रीतीने उकळण्यात आले, ती रीत कोणावरही वापरता येण्याजोगी आहे. ते उकळणाऱ्या ट्यूनरचे, म्हणजे इंजिनाची जुळवणी करणाऱ्या कारागिराचे, नाव येथे देत नाही, कारण ओळखायची आहे ती त्याची युक्ती.

गाडी सत्तरच्या दशकातील शेव्हरोले नोव्हा, इंजिन 350 घनइंचांचे व्ही-एट आणि त्यावर हॉली कंपनीचा 750 सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा घेणारा), चार बॅरलचा म्हणजे हवेच्या चार वाटांचा कार्बोरेटर. पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप मागे, टाकीजवळ बसवलेला होता. गाडी सुटताना पूर्वीसारखीच झेप घेई, पण शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात तिचा जोर ओसरे आणि कार्बोरेटरमधून फटफट असा उलटा आवाज येई. प्रत्येक धावेनंतर मिळणाऱ्या टाइम स्लिपवरही, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा छापलेल्या चिठ्ठीवरही, हेच दिसत होते. 60, 330 आणि 660 फुटांवरच्या वेळा जुन्या वेळांशी जुळत होत्या, मात्र 1,000 फुटांपासून फरक पडू लागे आणि 1,320 फुटांच्या अंतिम रेषेवरचा वेग ताशी 113 मैलांवरून 105 मैलांवर आला होता. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या कप्प्यात, साठलेले पेट्रोल पहिले काही सेकंद पुरते आणि त्यानंतर टाकीकडून येईल तेवढ्यावरच इंजिनाला भागवावे लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ही स्लिप पाहून आधी टाकी, पंप आणि नळी तपासायला हवी होती.

या ट्यूनरने स्लिप घडी करून बाजूला ठेवली. त्याने इंजिन जागेवर चालू केले, पेट्रोलचा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरवरचे गेज साडेसहा पीएसआय (दर चौरस इंचावरचा पौंडांतला दाब) दाखवत असल्याचे मला दाखवले आणि पंप निर्दोष ठरवला. हॉलीच्या अशा कार्बोरेटरला 5 ते 7 पीएसआय दाब लागतो, त्यामुळे आकडा खराच होता. परंतु आयडलवर, म्हणजे जागेवर संथ चालताना, इंजिन पेट्रोल पिते तरी किती? नळी अर्धी तुंबलेली असली तरी तेवढ्या प्रवाहाला दाब पुरेपूर दिसतो. शिवाय गाडी 1 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाइतक्या) आसपास प्रवेग घेत असताना मागून पुढे जाणाऱ्या दहा फुटी नळीतले पेट्रोल स्वतःच्या जडत्वाने मागे रेटते आणि सुमारे 3 पीएसआय दाब त्यातच खर्ची पडतो. उभ्या गाडीच्या गेजवर यातले काहीही उमटत नाही.

दुसरा देखावा याहून सफाईदार होता. एका धावेनंतर त्याने मला गाडी चालवतच परत आणायला सांगितले आणि मग बाऊलचा साइट प्लग, म्हणजे आतले पेट्रोल पाहण्याच्या भोकाचे बूच, काढून पेट्रोलची पातळी भोकाच्या खालच्या कडेशी बरोबर असल्याचे दाखवले. परतीच्या संथ वाटेवर पंपाने बाऊल पुन्हा भरून टाकला होता, इतकेच. यानंतर भीती घालण्यात आली: मिश्रण असेच लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे, राहिले तर पिस्टन वितळेल, म्हणून कार्बोरेटर पूर्ण उघडून नीडल-सीट, पॉवर व्हॉल्व्ह, जेट आणि सर्व गॅस्केट बदलावेच लागतील. लीन मिश्रणाने पिस्टन जळतो हे खरे आहे, आणि अशा माणसांचे बरेचसे बोलणे खरेच असते. खोटा असतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

बिल भरल्यावरही दोष जसाच्या तसा राहिला, तेव्हा त्याने इग्निशन बदलण्याचा नवा खर्च सुचवला. तेथून गाडी हलवून शर्यतीच्या मैदानावरील एका अनुभवी चालकाच्या मदतीने मी तपासणी केली. अंतिम रेषा ओलांडताच इंजिन आणि पंप एकाच वेळी बंद केले, गाडी ओढून आणली आणि साइट प्लग काढला, तर पातळी भोकाच्या कितीतरी खाली होती. मग इग्निशनची जोडणी काढून, अग्निशामक शेजारी ठेवून, कार्बोरेटरकडची नळी डब्यात सोडली आणि एक मिनिट पंप चालवला. सुमारे 450 अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोरावर ताशी 140 लिटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सव्वादोन लिटरहून थोडे अधिक पेट्रोल लागते, आणि मोकळ्या नळीतून तर त्याहून बरेच जास्त पडायला हवे. डब्यात जेमतेम सव्वा लिटर जमले. टाकीतली जाळी गंज आणि जुन्या रबराच्या चुऱ्याने तुंबलेली निघाली. ती बदलल्यावर अंतिम वेग पूर्वपदावर आला.

कार्बोरेटर उघडला तो केवळ खात्रीसाठी. बाऊलचे गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून लावलेली पातळ पट्टी) त्याला लागून असलेल्या मीटरिंग ब्लॉकला इतके घट्ट चिकटून वाळले होते की ते तुकड्यातुकड्यांनी खरवडावे लागले. नव्याने बसवलेले गॅस्केट काही आठवड्यांत असे होत नाही. बिलात लावलेले भाग बसवलेच नव्हते आणि काढलेले जुने भाग मागितले असता ते कचऱ्यात गेल्याचे उत्तर मिळाले होते, त्याचा उलगडा येथे झाला.

मिशिगनमध्ये 1974 पासून मोटार दुरुस्तीचा कायदा आहे. त्यानुसार दुरुस्ती करणाऱ्याला नोंदणी करावी लागते, ग्राहकाला खर्चाचा लेखी अंदाज द्यावा लागतो आणि बदललेले भाग परत मागण्याचा ग्राहकाला हक्क असतो. तक्रार राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडे करता येते. माझ्या गाडीला रस्त्यावरचा नंबर आहे, त्यामुळे मी ती केली असून बिल, टाइम स्लिपा आणि त्या गॅस्केटच्या तुकड्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. बिलावर नोंदणी क्रमांक नव्हता आणि पैसे रोख देण्याचा त्याचा आग्रह होता. कार्डाने दिलेली रक्कम निदान बँकेकडे वादात टाकता येते. रोखीची रक्कम मात्र आता तक्रारीच्या निकालावर अवलंबून आहे.