करारात वाद कुठे चालवायचा लिहू? अमेरिका, लंडन की लवाद

मोठ्या रकमेच्या दाव्यात सुरुवातीचे कित्येक महिने मूळ भांडणाला कोणी हातच लावत नाही. भांडण चालतं ते कुठले कागद द्यायचे, मुदत किती, कुठला साक्षीदार चालेल, उशीर झाला तर काय, यावर. आणि वकिलाचं मीटर इथेच सुसाट पळतं. म्हणून परदेशी पार्टीशी करार करताना शेवटच्या पानावरचं ते वाद कुठे चालवायचा वालं कलम डोळे मिटून सही करणाऱ्यांना एकच सांगणं, तिथला कायदा किती भारी ते नंतर बघा, आधी बघा की असली मधली भांडणं तिथे कोण मिटवतं, किती पटकन, आणि बिल कोणाच्या नावावर फाटतं.

अमेरिकेतली फेडरल (म्हणजे केंद्राची) कोर्टं १९३८ साली लागू झालेल्या नियमांवर चालतात (दुरुस्त्या होत आल्यात अर्थात). तिथली खासियत म्हणजे डिस्कव्हरी. समोरच्याचे ईमेल, चॅट, आतल्या नोट्स, सगळं मागता येतं, वर त्यांच्या माणसांना ट्रायलच्या आधीच शपथेवर बसवून प्रश्न विचारता येतात. परवानगीशिवाय प्रत्येक बाजूला अशा १० जबान्या, एकेक जबानी एका दिवसात आणि ७ तासांत संपवायची, लेखी प्रश्न २५. त्याच्या वर हवं असेल तर समोरच्याला पटवा नाहीतर कोर्टाला. २०१५ च्या दुरुस्तीनंतर मागणी दाव्याच्या मानाने प्रमाणात पाहिजे हे जास्त ठळक झालं, पण हे प्रमाण किती यावरच परत वाद होतात ते वेगळं.

मग भांडण मिटवतं कोण? आधी दोन्ही वकिलांनी आपसात बोलून बघायचं आणि तसं लिहून द्यायचं, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. नाहीच जमलं तर बऱ्याचदा मॅजिस्ट्रेट जज, म्हणजे मुख्य जजच्या मदतीला असलेले जज, ऐकतात. वेळापत्रक एकदा ठरलं की सबळ कारणाशिवाय बदलत नाही, आणि मधल्या आदेशावर लगेच अपील करायची सोय जवळपास नाहीच, त्यामुळे चुकीचा वाटला तरी पाळायचा. खटला सुरू असताना मुद्दाम ईमेल उडवले तर मात्र खैर नाही, ते तुमच्या विरोधातच होते असं धरा असं ज्युरीला सांगितलं जाऊ शकतं, अगदी दावाही हातचा जाऊ शकतो. खर्चाचं मात्र उलटं आहे. जिंकलात तरी आपल्या वकिलाची फी साधारणपणे आपणच भरायची, म्हणजे खिसा खोल असलेल्या पार्टीने कागदांचा ढीग अंगावर टाकला तर छोटा माणूस तिथेच गळतो.

लंडनचा स्वभाव वेगळा. तिथले ज्येष्ठ न्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांच्या रिपोर्टनंतर १९९९ मध्ये नवे नियम आले आणि केसचा लगाम वकिलांकडून जजकडे गेला. ट्रायलआधीच्या जबान्या तिथे सहसा नसतातच, साक्ष लेखी देतात आणि उलटतपासणी ट्रायललाच. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या खर्चाचा मोठा भाग द्यायचा हा साधारण नियम, आणि गंमत म्हणजे मधल्या एखाद्या अर्जावर हरलात तरी त्या अर्जाचा खर्च बऱ्याचदा तिथल्या तिथे ठरवून १४ दिवसांत भरायला सांगतात. त्यामुळे उगाच खोड काढायच्या आधी माणूस दोनदा विचार करतो.

शिस्त किती कडक होऊ शकते बघायचं तर २०१३ चं मिचेल प्रकरण बघा. खासदार अँड्र्यू मिचेल यांनी एका वर्तमानपत्राच्या कंपनीवर बदनामीचा दावा लावलेला. खर्चाचं बजेट (खटल्याला किती खर्च येईल त्याचा अंदाज, जिंकल्यावर वसुली साधारण त्याच्याच हिशोबाने) सुनावणीच्या ७ दिवस आधी द्यायचं होतं, वकिलांनी दिलं आदल्या दिवशी. बजेट होतं ५ लाख पौंडांच्या वर. कोर्ट म्हणालं, आता फक्त कोर्ट फीपुरतंच बजेट धरू, आणि अपील कोर्टानेही तेच कायम ठेवलं. मग काय, समोरच्याला एक दिवस उशीर झाला तरी सगळे वकील अर्ज घेऊन पळायला लागले, शेवटी २०१४ मध्ये डेंटन प्रकरणात अपील कोर्टाला ते जरा सैल करावं लागलं: चूक किती गंभीर, का झाली, आणि एकूण परिस्थिती काय, हे तीन टप्पे. संधिसाधूपणा केलात तर तुम्हालाच खर्च लावू असंही बजावलं.

तिसरा पर्याय लवाद, म्हणजे आर्बिट्रेशन: कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या खाजगी पंचांसमोर वाद चालवायचा, त्या पंचांनाही लवादच म्हणतात. इथे कागदांची मारामारी एका तक्त्यात होते, त्याला रेडफर्न शेड्यूल म्हणतात. एका रकान्यात अमुक तारखांमधले संचालकांचे ईमेल हवेत, दुसऱ्यात का हवेत, तिसऱ्यात समोरचा म्हणतो फार व्यापक मागणी, गोपनीय, आमच्याकडे नाहीच, आणि चौथा रिकामा, तिथे लवादाने दोन ओळींत निकाल लिहायचा. सुटसुटीत आहे. पण कागद दिलेच नाहीत तर लवाद थेट कोणाला दंडुका दाखवू शकत नाही, ते कागद तुमच्या विरोधात होते असं धरतो, आणि तिऱ्हाइताकडचा पुरावा पाहिजे तर कोर्टाचीच पायरी चढावी लागते. शिवाय बाजू मांडू दिली नाही या कारणावर १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली (परदेशातले लवादाचे निकाल मान्य करायचा देशादेशांतला करार) निवाड्याची अंमलबजावणी अडू शकते, म्हणून कित्येक लवाद जरा घाबरूनच असतात आणि मुदत मागेल त्याला मुदत देतात. आडमुठ्या पार्टीचं तिथे फावतं. मात्र तोच करार ही लवादाची ताकदही आहे, निवाडा दीडशेहून जास्त देशांत चालतो.

माझं मत विचाराल तर महत्त्वाचे कागद समोरच्याच्या कपाटात असतील आणि खर्च सोसायची तयारी असेल तर अमेरिका. आपले कागद व्यवस्थित आहेत, पैसे वसूल करायला अडचण नाही आणि समोरचा चालढकल करणारा आहे, तर मी लंडन घेईन. समोरच्याची मालमत्ता चार देशांत पसरलेली असेल तर निमूट लवाद, फक्त कलम एका ओळीत उरकू नका. लवाद तिघांचा असेल तर प्रक्रियेचे मुद्दे अध्यक्ष एकट्याने ठरवू शकतील असं लिहा, कागदांच्या मागण्यांना आकडा घाला, मुदतवाढीला अट घाला. वाद पेटल्यावर यातल्या एकाही गोष्टीला समोरचा हो म्हणणार नाही.