सल्लागार नेमायचा तर एलवन की क्यूसीबीएस?

मानसी, मेट्रोच्या फीडर बसच्या (प्रवाशांना स्थानकापर्यंत ने-आण करणाऱ्या बसच्या) अभ्यासाला सल्लागार कसा नेमावा यावर तुमच्या इंदूरच्या रहिवासी संघाला सूचना पाठवायचीये आणि निम्मे लोक एलवनच म्हणतायत ना, तर बघ.

खर्चात एलवन सोपं, पात्रता पार केली की सर्वात कमी दरवाला घ्यायचा. क्यूसीबीएसमध्ये, म्हणजे दर्जा नि खर्च दोन्हींवरच्या निवडीत, प्रस्तावाच्या दर्जाचे गुण नि दर दोन्ही मोजतात, केंद्राच्या २०१७च्या नियमांत गुणांचं वजन जास्तीत जास्त ८० टक्के. समज ७०:३० ठेवलं, दरात सर्वात कमीवाल्याला १०० नि बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी धरले, एकाला दर्जाचे ९० गुण नि दर ४० लाख, दुसऱ्याला ७५ नि ३० लाख, तर पहिला ८५.५ वर जिंकतो, दुसरा ८२.५. एलवनमध्ये दुसराच आला असता.

खरा फरक दर्जाचा. दर पाडला की सल्लागार कामावरची माणसं कमी करतो आणि पहिली कात्री प्रवासी मोजणीवर लागते, मग राजवाड्याहून विजयनगरला किती जण कधी जातात हेच नीट कळत नाही आणि त्याच आकड्यांवर पुढे बस घेतल्या जातात! बांधलेला बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, काढायचा आदेश इंदूरने २०२५ मध्ये बघितलाय, हे विसरू नका.

वेळ क्यूसीबीएसला जास्त लागतो, गुणांवरून तक्रारीही होतात, म्हणून कसोट्या आधीच जाहीर हव्यात.

ठरीव साच्याचं काम, म्हणजे रस्त्याची मोजणी वगैरे, एलवनने द्या. मार्ग ठरवणं, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), आणि तुमचं फीडरचं काम क्यूसीबीएसनेच मागा.